वैशाखात चुलीला सुटी

परवा मांडवीजवळ राहणाऱ्या एका जुन्या स्नेह्यांकडे जेवावयास गेलो होतो. वैशाखाचे दिवस, दुपारचे बारा वाजून गेलेले, आणि रस्त्यावरचे डांबर चपलेला चिकटावे असे ऊन. वाडा जुना, भिंती हातभर जाड, बैठकीत दोन पंखे. आम्ही चौघे पुरुष पानावर बसलो होतो. आमरसाच्या वाट्या भरलेल्या होत्या आणि आतून दर दोन मिनिटांनी एक पोळी येत होती; वाफ निघणारी, तुपाने माखलेली, पदर सुटलेली. यजमान मोठ्या अभिमानाने म्हणाले, ‘‘आमच्याकडे पोळी तव्यावरून सरळ पानात. या घरात गार पोळी कुणी खाल्लेली नाही.’’

तिसरी पोळी आली तेव्हा स्वयंपाकघराचे दार जरा अधिक उघडले आणि वहिनी दिसल्या. वय पासष्टीच्या पुढचे. पदराचे टोक कपाळावर दाबलेले. आत पंखा बंद होता, कारण पंखा लावला की शेगडीची ज्योत हलते. मी पुढची पोळी नको म्हणालो. यजमानांना वाटले, मास्तरांचे पोट बिघडले असावे. मीही तसेच वाटू दिले. खरे कारण सांगण्याचा धीर त्या पंगतीत झाला नाही. तो येथे करतो आहे.

माझे वडील दरबारी गवई. बडोद्याच्या कलावंत कारखान्यात आजोबा नोकरीस होते आणि वडील सोळाव्या वर्षापासून त्यांच्या मागे तंबोरा धरून बसत. फैयाज खाँसाहेबांना त्यांनी समोर बसून ऐकलेले होते. १९४९ साली संस्थान विलीन झाले, तेव्हा दादांना नोकरीत तीनच वर्षे झाली होती. पण त्या तीन वर्षांची ऐट त्यांना पुढे सत्तर वर्षे पुरली. मी त्यांच्या उतारवयातला मुलगा. सकाळचा रियाज साडेअकराला संपायचा, मग स्नान, मग पान. पान मांडल्यावर पोळी यायची ती गरमच. राजवाड्यावर जेवलेला माणूस गार खात नाही, असे ते हसत म्हणत. माझी आई त्यांच्याहून बारा वर्षांनी लहान. तिने ही पोळी साठ वर्षे वाढली, आणि त्या साठांपैकी निदान तीस वर्षे ती मीही खाल्ली. मला त्यात काही वावगे दिसले नाही.

मे २०१६ मध्ये ते दिसले. त्याच आठवड्यात अहमदाबादेस पारा ४८ अंशांवर गेला होता. आमच्याकडे त्याहून कमी, पण स्वयंपाकघरात किती होता हे कोण मोजतो? दादा पानावर बसलेले होते, वय शहाऐंशी. मी समोर. पहिली पोळी आली, दुसरी आली, तिसरी येईना. दादांनी हाक मारली. मग लाटणे पडल्याचा आवाज झाला. आत गेलो तर आई ओट्याशी खाली बसलेली, डोळे अर्धवट मिटलेले, अंग तापलेले पण घाम नाही. आणि तव्यावरची पोळी जळत होती. तिला बाहेर आणले, ओल्या चादरीत गुंडाळले, रिक्षा करून दवाखान्यात नेले. तीन दिवसांनी ती घरी आली. चौथ्या दिवशी सकाळी साडेअकराला ती कणीक मळताना दिसली. ‘‘ह्यांना लागते ना,’’ एवढेच ती म्हणाली.

दादांना दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. ते २०१८ साली गेले. त्यांनी कधी आवाज चढवून काही मागितले नाही. मागावेच लागले नाही, हीच तर गोष्ट आहे. आपल्या जुन्या घरांतून अनेक रिवाज असे आहेत की त्यांचा हुकूम कुणी सोडीत नाही आणि ते मोडण्याची मुभाही कुणाला नसते. संस्थाने गेली, तनखे १९७१ साली गेले, वाड्यांच्या जागी फ्लॅट आले. बाराच्या उन्हात तव्यावरून पानात येणारी पोळी मात्र राहिली. आपण तिला संस्कृती म्हणतो. मीही म्हणत असे.

उष्म्याच्या दिवसांसाठी सरकारी सूचना निघतात, त्यांत पाणी प्या आणि डोके झाका यांच्या जोडीला आणखी एक ओळ असते: ऐन दुपारी स्वयंपाक करू नये, करणे भागच असेल तर दारे-खिडक्या उघड्या ठेवाव्यात. अहमदाबादने २०१० च्या लाटेनंतर २०१३ साली उष्म्याला तोंड देण्याचा आराखडा केला. दक्षिण आशियात तो पहिला. वर्तमानपत्रात हे सारे छापून येते. आपण पुरुष ते वाचतो, आणि मग आतून हाक आली की पानावर जाऊन बसतो.

माझे म्हणणे थोडक्यात एवढे आहे की, अक्षय्यतृतीयेपासून पहिला पाऊस पडेपर्यंत आठवड्यातून तीन-चार दिवस दुपारची चूल बंद ठेवावी, आणि त्या दिवसांसाठी घरीच आदल्या रात्री पाव करावा. आंबट खमिराचा पाव; ज्याला आता मोठ्या दुकानांतून सावरडो म्हणतात तो. आणि तो भट्टीत नव्हे, स्लो कुकरमध्ये करावा. हे ऐकून माझे स्नेही जसे हसले तसे वाचकही हसतील. हसावे, पण पुढे वाचावे.

पाव म्हटला की आपल्या घरांत प्रथम जात आडवी येते. वसईकडे विहिरीत पाव टाकून गावेच्या गावे बाटविल्याच्या कथा आपण लहानपणी ऐकलेल्या आहेत. पाव पायांनी तिंबतात म्हणून तो पाव, हे तर माझी आई आजही खात्रीने सांगते. शब्द पोर्तुगीज आहे, पायाशी त्याचा संबंध नाही, हे मी तिला दहा वेळा सांगितले असेल. गोव्यात पोर्तुगिजांनी पाव आणला आणि तिथल्या पोदेरांनी तो माडाच्या सुरेने आंबवला, असेही सांगून पाहिले. सुरेचे नाव निघताच प्रकरण अधिकच बिघडले. गंमत अशी की याच बडोद्यात सेव-उसळीच्या गाडीपुढे कुलीन घराण्यांतली मंडळी पिढ्यान्‌पिढ्या उभी आहेत आणि त्या तिखट रश्श्यात पावच बुडवतात. म्हणजे पाव रस्त्यावर शुद्ध आणि उंबऱ्याच्या आत अशुद्ध.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. तो म्हणजे शिळे. रात्री केलेले सकाळी खायचे, म्हणजे ते शिळेच नाही का? आईने हा प्रश्न विचारला तेव्हा मला काही दिवस उत्तर सुचले नाही. ते शेजारच्या बेनकडून आले. श्रावणात त्यांच्याकडे रांधण छठ येते. त्या दिवशी रात्रीपर्यंत सारे रांधून ठेवायचे, चूल थंड करून तिची पूजा करायची, आणि दुसऱ्या दिवशी शीतळा सातमेला घरात विस्तव पेटवायचाच नाही; आदल्या दिवशीचे थंड अन्न साऱ्या घराने खायचे. आपल्यात शिळासप्तमी आहेच. बडोद्याच्या कितीतरी मराठी घरांतून दोन्ही पाळतात, कारण शेजार जुना आहे. देवीचे नावच शीतळा. तेव्हा चुलीला आणि चुलीपुढच्या बाईला सुटी देण्याची कल्पना मी विलायतेहून आणलेली नाही. ती पंचांगात आहे. फक्त ती श्रावणात आहे, जेव्हा हवेत गारवा असतो. मी ती वैशाखात मागतो आहे.

शिवाय शिळे आणि आंबवलेले यांत भेद आहे, आणि तो आपल्याला पुरता ठाऊक आहे. विरजण लावलेल्या दह्याला कुणी शिळे दूध म्हणत नाही. आंबोळी, ढोकळा, हांडवो, जिलेबीचे पीठ, यांतले काय आंबवल्याशिवाय होते? गव्हाच्या पिठात पाणी घालून ते झाकून ठेवले आणि रोज थोडे काढून थोडे नवे घातले, की पाच-सात दिवसांत त्यात जीव धरतो. पिठातच असलेले रानटी यीस्ट पीठ फुगवते आणि दह्याच्या गोतातले जिवाणू त्याला आंबटपणा देतात. दोघे एकाच भांड्यात सुखाने राहतात. जगातला पाव हजारो वर्षे असाच होत आला. तयार यीस्टच्या वड्या ही एकोणिसाव्या शतकाची गोष्ट. अमेरिकेत फ्लाइशमन बंधूंनी सिनसिनाटीस त्यांचा कारखाना १८६८ साली काढला. पुढे १९६१ साली इंग्लंडात चॉर्लीवुड येथे पीठ यंत्राने अतिवेगाने घुसळून साऱ्या रात्रीचे काम साडेतीन तासांच्या आत उरकण्याची रीत निघाली. बाजारातला मऊ पांढरा पाव त्या घराण्याचा. येथे एक टीप द्यावीशी वाटते: आपल्या शहरात एका झकपक दुकानातून मी ‘सावरडो’ म्हणून पाव आणला, तर मागच्या कागदावर यीस्टही होते आणि व्हिनेगरही होते. आंबटपणा बाटलीतला, फुगवटा वडीचा आणि किंमत मात्र तीन पोळ्या-भाजी केंद्रांच्या थाळ्यांची. कागद वाचून घ्यावा.

मला हे खमीर मिळाले ते २०२०च्या टाळेबंदीत. शिकवण्या बंद होत्या, तंबोरे गवसणीत होते. माझ्या एका विद्यार्थिनीने काचेच्या बरणीत दोन चमचे आंबलेले पीठ दारात आणून ठेवले आणि ती लांब उभी राहून म्हणाली, ‘‘सर, रोज खायला घाला.’’ पुढे भट्टी आली. विजेची, सोळाशे वॅटची. पहिल्या वैशाखात मी ती अर्धा तास तापवली आणि पाऊण तास पाव भाजला. पाव बरा झाला. पण स्वयंपाकघर असे तापले की आई म्हणाली, ‘‘त्यापेक्षा माझा तवा बरा होता.’’ तिचे बरोबर होते. ज्या कारणासाठी पाव करायचा, तेच कारण मी भट्टीत घालून भाजले होते.

माळ्यावर एक स्लो कुकर पडलेला होता. मेहुण्यांनी लंडनहून आणलेला, तीन चौकोनी पायांच्या प्लगचा, म्हणून न वापरलेला. मातीच्या घाटाचे जाड भांडे, भोवती मंद तापणारी तार, वर काचेचे झाकण. प्लग बदलून घेतला. यात पाव होतो असे कुठेतरी वाचले होते.

या यंत्राची कुळकथा मला नंतर कळली आणि ती मला फार आवडते. शिकागोचे आयर्विंग नॅक्सन यांना १९४० साली त्याचे पेटंट मिळाले. त्यांची आई लिथुआनियातल्या ज्यू वस्तीतली. शब्बाथच्या दिवशी विस्तव पेटवायचा नाही असा त्यांचा नियम. म्हणून शुक्रवारी सायंकाळी शेंगदाण्या-पावट्यांसारखे दाणे, मांस आणि बटाटे यांचे भांडे गावच्या पाववाल्याकडे नेऊन द्यायचे. त्याची भट्टी विझत आलेली असे. त्या निवत्या उष्म्यात ते भांडे रात्रभर राही आणि दुसऱ्या दिवशी कालवण तयार. या पदार्थाला चोलंट म्हणतात. आईने सांगितलेली ही हकीकत मुलाच्या मनात राहिली आणि त्याने त्या निवत्या भट्टीची विजेवर चालणारी प्रतिकृती केली. १९७१ पासून ती क्रॉक-पॉट या नावाने अमेरिकेत घरोघर गेली. म्हणजे पाहा, मूळ कल्पना पाववाल्याच्या भट्टीची आणि विस्तव न पेटवण्याच्या दिवसाची. त्यांचा शनिवार आणि आपली शीतळा सातम.

आता कृती. ती मी गवयासारखी सांगणार, स्वयंपाक्यासारखी नव्हे, कारण मला दुसरी येत नाही. पुस्तकांतून पावाच्या वेळा दिलेल्या असतात त्या थंड देशांतल्या: पीठ पाच-सहा तास फुगू द्या, मग आणखी दोन तास. पहिल्या वर्षी मी घड्याळ लावून बसलो आणि पाच तासांनी पाहतो तो पिठाचा चिखल झालेला, वास दारूचा, चव चिंचेची. तो पाव इतका बसला की मी त्याची तबल्याखालची चुंबळ करीन असे मुलगी म्हणाली. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. उन्हाळ्यात तबल्याची पुडी चढते, पावसाळ्यात उतरते. तिथे आपण घड्याळ पाहतो काय? हाताने ठोकून पाहतो. पीठही तसेच हाताला विचारावे. पंचवीस-सव्वीस अंशांना ज्याला सहा तास लागतात त्याला बत्तीसला चारही फार होतात. त्याहून गरम झाले की यीस्ट दमते आणि आंबट करणारे जिवाणू मात्र जोरात असतात. म्हणून उन्हाळ्यातला पाव फुगत कमी आणि आंबतो जास्त.

यावर उपाय चार. खमीर सैल ठेवायचे नाही, कणकेसारखे घट्ट ठेवायचे. घट्ट खमीर सावकाश चालते. सकाळी नऊला त्यात त्याच्या पाचपट पीठ घालून मळून ठेवले की तीन-चारला ते तयार. दुसरे, पिठात खमीर थोडे घालायचे. थंडीत मी शंभरास वीस घालतो, वैशाखात दहा. तिसरे, पाणी माठातले. आणि चौथा उपाय आईचा: पिठाचे पातेले परातीत पाण्यात ठेवून वर ओले फडके टाकायचे, फडक्याची टोके पाण्यात. दही आंबू नये म्हणून ती असेच करीत आली. मे महिन्याच्या कोरड्या हवेत हे फडके पिठाला चांगले निववते. जुलैत हवेतच पाणी असते, फडके वाळत नाही आणि युक्ती चालत नाही. पण जुलैत मला या पावाची गरजही नसते.

माप चारशे ग्रॅम पिठाचे. तीन भाग लोकवन गव्हाची कणीक, चाळलेली, आणि एक भाग मैदा. आमच्याकडे भालिया गव्हाचा मान मोठा आहे, पण त्याने पाव नीट फुगत नाही. तो गहू डुरम जातीचा, त्याचे पीठ ताणले की तुटते. त्याचा शिरा करावा. पाणी दोनशे ऐंशी ते तीनशे ग्रॅम. चक्कीचे पीठ पाणी जास्त पिते. मीठ आठ ग्रॅम, खमीर चाळीस. चार वाजता शाळेतून आल्यावर भिजवतो. मळण्याची गरज नाही. अर्ध्या-अर्ध्या तासाने तीन-चार वेळा ओल्या हाताने कडा ओढून घडी घालायची. साडेआठच्या सुमारास ते दीडपट फुगून थलथलू लागते. मग गोळा आवळून कागदावर ठेवायचा आणि कागदासकट गार भांड्यात उतरवायचा. आमचे जेवण होईपर्यंत तो तासभर तसाच बसतो. साडेनऊला बटण ‘हाय’वर.

झाकणाखाली मात्र एक जाड फडके ताणून लावावे आणि त्याची टोके झाकणावर बांधून टाकावीत, खाली लोंबू देऊ नयेत. हे विसरले की काचेवरचे पाणी पावावर गळते आणि त्याच्या माथ्याचा लगदा होतो. कोरडे भांडे तापवू नये असे काही कारखानदार सांगतात, तेव्हा आपल्या यंत्राबरोबरचे पुस्तक आधी पाहावे. दोन ते अडीच तासांत पाव होतो. माझ्याकडे काडीसारखा एक तापमापक आहे. तो गाभ्यात खुपसून पंचाण्णव अंश दाखवू लागला की झाले. तो नसेल तर पावाच्या बुडावर टिचकी मारावी, पोकळ बोलला पाहिजे. हे आम्हा गवयांना कुणी शिकवावे लागत नाही.

हे सारे मी मागच्या ओट्यावर करतो, स्वयंपाकघरात नव्हे. माझे यंत्र दोनशे दहा वॅटचे. अडीच तासांत अर्धा युनिट. भट्टीला त्याच्या दुप्पट-तिप्पट लागते. पण खरी गोष्ट विजेची नाही. शेगडीपुढे तासभर कुणीतरी उभे असते. येथे कुणीही उभे नसते. मी ओट्यावर बाजेवर पडून रेडिओ ऐकतो. बाराच्या सुमारास पाव काढून जाळीवर ठेवतो आणि झोपतो. तो सकाळपर्यंत निवलाच पाहिजे. गरम कापला तर आत चिकट लागतो. ज्या अन्नाचा स्वभावच गार होऊन खाण्याचा आहे, ते आपल्या वैशाखाला नेमके लागते.

तिसरा आक्षेप माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा. तो पॅरिसला चार वर्षे राहून आला. माझा पाव पाहून म्हणाला, ‘‘सर, चव छान आहे, पण याला पाव म्हणता येणार नाही. याला कवच कुठे आहे?’’ तो खरे बोलला. पिठातले पिष्ट साठ अंशांच्या आसपास पाणी पिऊन फुगते, खमिराचे जीव त्याच सुमारास मरतात, आणि गाभा पंचाण्णवला शिजून तयार होतो. म्हणजे पाव शिजायला उकळत्या पाण्याहून अधिक उष्णता लागतच नाही. सव्वादोनशे अंशांची भट्टी लागते ती कवचासाठी. तांबूस रंग आणि खरपूस वास एकशेचाळीसच्या पुढे झपाट्याने येतो, आणि माझ्या भांड्यात तेवढे तापतच नाही. बुडाला थोडा रंग धरतो. माथा गोरा राहतो, मऊ. मी सकाळी सातच्या आत, हवा गार असताना, त्याचे काप करून लोखंडी तव्यावर तुपाच्या बोटावर परततो. पाच मिनिटांचे काम. त्याला फ्रान्समधले कवच येत नाही. खरपूसपणा येतो, आणि तो आपल्या ओळखीचा असतो. त्या मुलाला मी म्हणालो, ‘‘किराण्याच्या गवयाला आग्र्याची बोलतान येत नाही म्हणून तू त्याला बेसूर म्हणशील काय?’’ तो हसला, पण त्याला ते पटले असे मला वाटले नाही. चालेल. चार काप खाऊन गेला.

मला खरी भीती दुसऱ्याच आक्षेपाची आहे, आणि तो कुणी घेतलेला नाही. ‘‘मास्तर, तुम्ही पाव करता हे ठीक; पण तो करायचा कुणी?’’ कारण आपल्या घरांत नव्या कल्पना पुरुष आणतात आणि राबवतात बायका. माझ्या या लेखाचे कात्रण कापून कुणी आपल्या पत्नीच्या हाती दिले आणि ‘‘हे करून बघ’’ म्हटले, तर मी तिच्यावर एक जास्तीचे ओझे घातले असे होईल. पोळी तर चालूच राहील, वर पाव. तेव्हा हा लेख मी वाड्यातल्या पुरुषांसाठी लिहिलेला आहे. खमिराला रोज घास घालणे, चारला भिजवणे, रात्री जागणे, दुसऱ्या दिवशी भांडे घासणे, हे ज्याला गरम पोळी लागते त्याने करावे. आणि ज्याला हे जमत नसेल त्याने दुपारी दहीपोहे खावेत. पण आतून दर दोन मिनिटांनी वाफाळती पोळी येते, तिच्याविषयी निदान अभिमानाने बोलू नये.

आमच्या घरी हे सहजी झाले असे वाचकांनी समजू नये. आईने पहिले दोन उन्हाळे पावाला हात लावला नाही. तिसऱ्या वर्षी एका सकाळी मेथांब्याबरोबर अर्धा काप खाल्ला आणि म्हणाली, ‘‘आंबट फार झालीय.’’ मी पाव म्हणतो, ती त्याला ‘तुझी भाकरी’ म्हणते. स्त्रीलिंगी केल्यामुळे तिचा बाट गेला असावा. आता तिचे वय त्र्याऐंशी. रोज संध्याकाळी फडके ओले आहे की नाही हे ती पाहते.

पण दादांची तिथी वैशाख वद्यात येते. त्या दिवशी पाव चालत नाही, यावर ती आणि मी दोघेही एकमताचे आहोत. गेल्या वर्षी तिथीच्या आदल्या रात्री तिने मला बजावले की सकाळी पोळ्या तीच लाटणार, बारा वाजोत की एक वाजो. माझी पत्नी म्हणाली, ‘‘अहो आई, मी करते.’’ ती तिलाही नको म्हणाली. शेवटी तडजोड झाली. पहाटे साडेचारला, बाहेर अजून अंधार असताना, मी कणीक मळली. आईला ओट्याशी खुर्ची दिली, मागची खिडकी आणि दार उघडले. ती सांगत होती आणि मी लाटत होतो. ‘‘कडा दाब. मधे नको. अरे, फिरव ती.’’ हार्मोनियमवर चालणारी बोटे लाटण्यावर चालेनात. अकरा पोळ्या झाल्या. एकही गोल नाही. सहा वाजता शेगडी बंद केली तेव्हा आई त्या चळतीकडे बराच वेळ पाहत राहिली.

‘‘ह्यांना नसत्या चालल्या,’’ ती म्हणाली, आणि पानावर वाढण्यासाठी त्यांतल्या बऱ्या अशा दोन निवडू लागली.